तिसऱ्या बाटलीचा अहवाल

प्रिय चिमटे,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. एरवी मी परतीच्या टपालानं उत्तर धाडते हे तुला ठाऊक आहे, म्हणून काळजीत पडली असशील. तब्येत ठणठणीत आहे. तुझ्या पत्रातल्या एका ओळीनं मला अडवून ठेवलं. तुझ्या बाबांना, माझ्या काकांना, नव्वदावं लागलं, ऐकू कमी येतं, पण चहाचा कप हातात आला की रोज तेच विचारतात म्हणतेस, "नदीतले मासे माझ्याच रंगानं मेले का गं? टकळीला विचार. ती खोटं नाही बोलायची." मला अजून टकळी म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलंय.

ऑफिस सोडून दोन महिने झाले. एकतीस वर्षं प्रदूषणाचे खटले चालवले आणि अशील एकच, सरकार. सरकार बदलायचं, साहेब बदलायचे, खुर्चीवरचा टॉवेल तेवढा तोच. या अशिलाची एक गंमत आहे. जिंकलं तर ते आभार मानायला येत नाही आणि हरलं तर रडायलाही येत नाही. मी मात्र साडी खोचून किती नाल्यांच्या तोंडाशी उभी राहिले असेन. डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगायचे, हे कातड्याचं पाणी, हे कागदाचं, हे औषधांचं. आमचे हे म्हणायचे, "तुझी अत्तराची बाटली कुठली आणि नदीची कुठली, तेवढं चिठ्ठी लावून ठेव. एक दिवस लग्नाला जाताना घोटाळा व्हायचा." ते गेल्यावर असं बोलणारं कुणी राहिलं नाही.

पण ते सगळे नंतरचे वास. पहिला वास तुमच्या कापड रंगवायच्या कारखान्याचा. शाळा सुटली की दप्तरासकट आपण तिथे. वाफाळत्या हौदांवरून काका लांब काठीनं कापड उलटंपालटं करायचे, आणि त्यांचे हात कोपरापर्यंत निळे. एकदा तू हौदात हात घातलास, तर दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सिस्टरनी शाई सांडली समजून तुला तीनदा साबण लावायला लावला, आणि शेवटी स्वतःच ब्रश घेऊन बसल्या. मागच्या मोरीतून आज कुठल्या रंगाचं पाणी जाणार यावर आपण पैज लावायचो. जांभळं आलं की तू जिंकायचीस. ते पाणी पुढे कुठे जातं, असं आपल्याला कधी वाटलंसुद्धा नाही. काकांनाही वाटलं नसावं. तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं.

पुढे मी सरकारी वकील झाले, मग तो उन्हाळा आला, नदी आटली आणि पुलाखाली मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. फाइल माझ्या टेबलावर आली. मी साहेबांना सांगितलं, हे माझ्या मैत्रिणीचे वडील आहेत, मला यातून मोकळं करा. ते म्हणाले, "मग तर तुम्हीच चालवा, कुणी म्हणायला नको की सरकारनं सूड उगवला." मी काकांकडे आले. तू चहा ठेवायला आत गेली होतीस. ते म्हणाले, "अगं, कुणीतरी हरवणारच आहे मला. परक्यानं हरवण्यापेक्षा तू हरव. निदान खरं तेवढंच बोलशील."

आता जरा नीट वाच. नदीच्या पाण्याचे नमुने तीन बाटल्यांत घ्यायचे असतात. एक कारखान्याच्या मोरीशी, एक तिच्या खाली आणि एक तिच्या वर. वरची बाटली महत्त्वाची, कारण पाणी कारखान्याजवळ येण्याआधीच कसं होतं, ते तिच्यावरून कळतं. माझ्या फाइलीत दोनच अहवाल होते. तिसऱ्याचं विचारलं तर नमुने घेणारे इंजिनियर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती वाटेत फुटली, मॅडम." मी कोर्टात उभी राहून तेच सांगितलं. काकांच्या वकिलांनीही फारसं ताणलं नाही. युक्तिवाद संपले, न्यायाधीशांनी निकाल राखून ठेवला.

बाटली फुटली नव्हती, चिमटे. निकालाच्या चार दिवस आधी प्रयोगशाळेतून एक पाकीट आलं, नेहमीच्या टपालात. वरचं पाणीही नासलेलं होतं. थोडंथोडकं नव्हे, खालच्याच्या निम्म्यानं. मोरीच्या वर दुसरा कारखाना नाही. तिथे फक्त शहराचं गटार नदीला मिळतं, म्हणजे माझ्याच अशिलाचं. मी ते दोनदा वाचलं. युक्तिवाद संपल्यावर नवा कागद द्यायचा तर अर्ज करावा लागतो. एका पानाचा अर्ज, दहा मिनिटांचं काम. मी स्वतःला समजावलं, आता उशीर झाला, मोरीचं पाणी तर वाईट होतंच ना. मी अहवालावर मिळाल्याची सही केली, तारीख घातली आणि फाइलीत सगळ्यांत खाली लावला. चौथ्या दिवशी मी जिंकले. कारखान्याला कुलूप लागलं आणि गावानं काकांना नावं ठेवली ती कायमची. गटार अजून वाहतंय. त्या खटल्यानं माझं नाव झालं, पुढचे सगळे मोठे खटले मला त्याच्यामुळे मिळाले. तू मात्र दर वाढदिवसाला पत्र धाडत राहिलीस, आणि प्रत्येक पत्रात लिहीत राहिलीस, "बाबा म्हणतात, पोरीनं तिचं काम चोख केलं."

ऑफिस सोडताना मी ती फाइल काढली. वाटलं होतं, कागद नसेल, मीच इतकी वर्षं भलतंच आठवत असेन. होता. माझी सही, माझी तारीख. त्याची नक्कल सोबत ठेवली आहे. काल मी त्याच कोर्टात प्रतिज्ञापत्र दाखल केलं, अहवाल माझ्या हातात केव्हा आला आणि मी त्याचं काय केलं ते सगळं लिहून. माझी वकिलीची सनद राहील की जाईल ते ठरवणारे ठरवतील. तू त्याचा घोर लावून घेऊ नकोस. हे पत्र आहे काकांच्या प्रश्नाचं उत्तर. चहाच्या वेळी त्यांच्या चांगल्या कानाशी बसून, हळू आणि मोठ्यानं वाच. काका, मासे तुमच्या रंगानंही मेले आणि आमच्या गटारानंही. तुमचा वाटा तुम्ही कोर्टात मान खाली घालून कबूल केला होतात. आमचा वाटा मी लपवला. येत्या रविवारी मी येते आहे. तुम्ही म्हणालात, तर उंबऱ्याबाहेरूनच परत जाईन.

तुझीच, निदान आजवर होते ती,
टकळी