राजूर घाटात दगड लावून उभ्या केलेल्या ट्रेलरबाबत

धाड, ता. जि. बुलढाणा
दि. ९ डिसेंबर २०२४

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
बेवारस वाहन निर्गती कक्ष,
जिल्हा बुलढाणा.

विषय : वडिलांच्या कॅम्पर ट्रेलरच्या नोंदीतील ‘बेवारस’ व ‘निष्काळजीपणे सोडून दिलेला’ हे शब्द वगळणे व ट्रेलर तोडणीस न पाठवणे.

संदर्भ : आमच्या घराच्या दारावर चिकटवलेली आपली नोटीस, जा. क्र. बेवानि/ट्रे/११७.

अर्जदार : पूनम निवृत्ती सोनुने, ग्रंथपाल, चिखली.
सह-अर्जदार : श्रीमती पुष्पाबाई निवृत्ती सोनुने, धाड.

महोदय,

१. माझे वडील कै. निवृत्ती सोनुने एस.टी.त चालक होते. नोकरीतली बहुतेक वर्षे त्यांच्याकडे मुक्कामी गाडी होती. रात्री कुठल्या तरी गावच्या पारावर गाडी लावायची आणि टपावर झोपायचे. आई त्या रात्री घरी असायची. नोकरी संपल्यावर ‘आता तुले मुक्काम दाखवतो’ असे आईला म्हणून त्यांनी धाडच्या अकरमभाईंकडून हा ट्रेलर बनवून घेतला. कच्च्या रस्त्यावर टेकू नये म्हणून उंच, जाड टायरांचा, आत दोन माणसांची पथारी आणि मागच्या फळीवर चूल. त्याची रीतसर नोंदणी आहे. क्रमांकाची पाटी आजही जागेवर आहे. आपल्या आवारात मी ती स्वतः पुसून आले.

२. ज्या दिवसानंतर काहीच पूर्वीसारखे राहिले नाही, त्याच्या आदल्या दिवशी मी धाडला होते. रविवार होता. रोहिणखेडला जाऊन जुनी मशीद पाहायची, शेजारच्या ओळखीच्या मळ्यात मुक्काम करायचा आणि सोमवारी परतायचे, असा बेत होता. वडील अंगणात सामान भरत होते. जड वस्तू चाकांच्या वर, हलक्या मागे, असा त्यांचा नियम. आईने पिठाचा डबा मागच्या कप्प्यात ठेवला, तो त्यांनी उचलून मधे आणला. म्हणाले, “तुयं पीठ मांगं ठेवलं तं गाडी शेपूट हालवते.” आई म्हणाली, “अन् तुमचं पोट समोर बसलं तं नाक टेकवते, थ्याचं काय?” मग त्यांनी सिलिंडर पट्ट्याने आवळला, ट्रेलर आमच्या जुन्या जीपला जोडून साखळ्या हुकाखाली आडव्या-तिडव्या ओवल्या आणि मला मागे उभे करून ब्रेकचा दिवा लागतो का ते विचारले. मी लागतो म्हणाले. तो लागत होता. दुपारी ते दोघे निघाले, मी चिखलीची बस धरली.

३. सोमवारी परतताना राजूर घाट चढत असता त्यांच्या छातीत दुखू लागले. त्यांनी जीप कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि आईला सांगितले, “माह्याच्यानं आता चालवनं होत नाही.” मागून गोविंदा नावाचे प्रवासी जीपचे चालक आले. त्यांच्या जीपमध्ये पाय ठेवायलाही जागा नव्हती, म्हणून ते आमची जीप चालवून बुलढाण्याला न्यायला तयार झाले. पण ट्रेलरसह ती जुनी जीप चढावर चालीच्या गतीने चढली असती. ट्रेलर सोडणे भाग होते.

४. वडील सीटवर आडवे झाले होते. तिथून ते म्हणाले, “पयले दगड.” गोविंदा आईला म्हणाले, “काकू, दगडायचं राहू द्या, काका घामानं भिजून राह्यले.” आईने चाकांना दगडच आधी लावले. लहान दगड जवळच पडलेले होते. तिने ते बाजूला टाकले आणि कठड्यापाशी जाऊन मोठे आणले, कारण वडिलांनी तिला तसेच शिकवले होते. त्यानंतर पुढचे टेकूचे चाक खाली केले, दिव्यांची वायर काढली, साखळ्या काढल्या आणि सर्वांत शेवटी जोडाची पिन. गोविंदांच्या गाडीतले प्रवासी तोवर उतरून ट्रेलरच्या मागे, उताराच्या बाजूस उभे होते. त्यांतल्याच कोणी कडुनिंबाच्या फांद्या तोडून रस्त्यावर टाकल्या. गाडी बंद पडली की आमच्याकडे सगळे चालक असेच करतात. मागून येणारा फांद्या पाहून सावध होतो. ट्रेलर बोटभरही सरकला नाही.

५. वडील दवाखान्याच्या फाटकाशीच वारले.

६. त्याच आठवड्यात ट्रेलर आपल्या आवारात आला. पंचनाम्यातील शेरे मी नम्रपणे खाली मांडते.

अ) ‘सुरक्षा साखळ्या कोणत्याही वाहनास जोडलेल्या आढळल्या नाहीत.’ महोदय, ट्रेलर एकटा होता.

आ) ‘मागील दिवे बंद.’ दिव्यांना वीज पुढच्या गाडीतून येते. पुढची गाडी दवाखान्याच्या दारात होती.

इ) ‘रस्त्यावर अडथळ्याचे साहित्य.’ ते दगड आणि त्या फांद्याही जप्त आहेत. ट्रेलर सोडवताना जप्त मुद्देमाल पूर्ण ताब्यात घ्यावा लागेल आणि त्यासाठी दगडांच्या मालकीबाबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागेल, असे मला सांगण्यात आले. मी ते द्यायला तयार आहे. फक्त मालक म्हणून कोणाचे नाव लिहावे ते कळवावे.

७. नोटिशीत मालकाने स्वतः हजर राहून ट्रेलर जीपला जोडून दाखवावा, असे म्हटले होते. मृत्यूचा दाखला घेऊन मी आले. तेव्हा कळले की ट्रेलर आधी वारसाच्या नावे व्हायला हवा. नावावर करायचा तर तपासणीच्या मैदानावर न्यायला हवा. मैदानावर न्यायचा तर आवारातून सुटायला हवा, आणि सोडायचा तो फक्त मालकाच्याच हाती. आपल्या कक्षातील लिपिक शेखर यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि अगदी मनापासून म्हणाले, “ताई, तुमचे वडील एकदा येऊन गेले असते ना, तर पाच मिनिटांचं काम होतं.” मी हो म्हणाले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मालक हजर न झाल्याने ट्रेलर बेवारस ठरला असून या महिन्याअखेर तो तोडणीस जाईल, हेही त्यांनीच मला सांगितले; एरवी कोणी सांगितले नसते.

८. ही नोटीस दारावर चिकटवली गेली तेव्हा आई एकटी घरी होती. ती अक्षर लावून लावून वाचते. ‘निष्काळजीपणे सोडून दिलेला’ येथवर तिने वाचले आणि मला फोन केला. “पूनम, हे मलेच म्हनते का वं? वायर म्याच काहाडली, पिनबी म्याच काहाडली. सोडली तं म्याच.” मी तिला समजावले की ही कार्यालयाची भाषा असते, सगळ्यांना सारखीच असते. तिला ते पटले नाही. त्या दिवसापासून ती बसने बुलढाण्याला येते आणि आपल्या आवाराच्या कुंपणाबाहेर बसून राहते. पहारेकरी तिला हटकत नाहीत, याबद्दल त्यांची आभारी आहे.

९. सबब विनंती की ट्रेलर आम्हास मिळावा. ते नियमात बसत नसल्यास तो निदान तोडू नये. तेही बसत नसल्यास ट्रेलर ठेवून घ्यावा, पण नोंदीतील ते शब्द काढून तेथे ‘चाकांना दगड लावून उभा केलेला’ असे लिहावे, आणि तसे लिहिल्याचा एक कागद आईच्या नावे द्यावा. याहून कमी काय मागता येते ते मला माहीत नाही. असल्यास कळवावे, मी तेवढेच मागेन.

उत्तराच्या अपेक्षेत,
पूनम निवृत्ती सोनुने
पुष्पाबाई निवृत्ती सोनुने

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत, ट्रेलरच्या नोंदणीची प्रत, गोविंदा यांचा सहीचा जबाब.

ता. क. आई सह-अर्जदार असल्याने सहीपूर्वी हा अर्ज मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. चौथ्या परिच्छेदाशी तिने मला थांबवले. “लहान दगड जवळच होते, हे लिवलं तं मंग पुढचंबी लिव, का माह्यापायी उशीर झाला.” वडील गेल्यापासून ती या वाक्याभोवती फिरते आहे आणि मी त्यावर एकदाही काही बोलले नव्हते, कारण खरे काय ते मला ठाऊक नव्हते. आजही नाही. डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही. तरी तिने सही करण्याआधी मी कागद खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहून म्हणाले, “आई, तू उशीर नाही केला.”