डोंगराची मान

१८ एप्रिल, शनिवार

प्रिय पाश्क,

तू, व्हेरा आणि चिमुरडी बरी असाल असं धरून चालते. आम्ही बरे आहोत असं लिहायची हाताला सवय आहे, पण आता 'आम्ही' म्हणजे मी आणि दोन शेळ्या. तिसरी थंडीत गेली. परवा बाबांचे चाळीस दिवस झाले. रस्ता पुन्हा खचलाय, त्यामुळे पाद्री आले नाहीत. मीच मेणबत्ती लावली, मक्याची भाकरी भाजली आणि शेजारच्या माराला नेऊन दिली. ती म्हणाली, देव त्यांना क्षमा करो. आपल्याकडे मेलेल्या माणसाला शांती लाभो म्हणतात हे तिला माहीत आहे. तरी ती 'क्षमा' म्हणाली, आणि मी भाकरीचं फडकं घेऊन घरी आले.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि तू बोललास की मला गप्प बसायला आयतं निमित्त मिळतं. हे पत्र गावच्या प्रेंकच्या हाती देते आहे. तो सोमवारच्या बसने निघून तिकडे परदेशात, तुझ्या बर्गामोला पोहोचेल तेव्हा तुलाच भेटेल. त्याला मी एवढंच सांगितलंय की आत घराचे कागद आहेत.

तुझं म्हणणं लक्षात आहे. पाहुण्यांच्या खोल्या पुन्हा उघड, चुना मार, लोक विसरतात. नाहीतर कुलूप घाल आणि इकडे ये, व्हेराच्या ओळखीत एका म्हातारीकडे काम आहे. बघते म्हणाले होते. बघणार काहीच नव्हते. तू बाबांच्या मयताला तीन दिवस आलास, तिसऱ्या दिवशी अंगणात चार माणसांत पेला हातात घेऊन म्हणालास, "म्हातारा भ्रमिष्ट झाला होता, मान कुठल्या बाजूला हलवतोय तेही त्याला कळत नव्हतं." लोक 'हो रे' म्हणाले. तू बापाला वाचवायलाच बोललास, मला ठाऊक आहे. मी तिथेच उभी होते, पेले विसळत.

गेल्या आठवड्यात पोर्तुगालहून पत्र आलं. दुआर्तेच्या आईचं. ती २४ मेला येते आहे, त्याला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी. बाबा गेले हे तिला कळलेलं नाही. तिला त्यांच्याशेजारी बाकावर बसायचंय, एवढंच लिहिलंय. शाळेच्या मास्तरांनी मला आपल्या भाषेत दोनदा वाचून दाखवलं.

तू त्या पोराला पाहिलं नव्हतंस. तेवीस वर्षांचा, लांब मानेचा, पाठीवर त्याच्याहून मोठी पिशवी आणि बुटाचा तळ दोरीने बांधलेला. चार महिने असाच गावोगाव पायी फिरत होता. खोली नको म्हणाला. आपल्या बागेत तंबू ठोकला आणि चुलीवरचं गरम पाणी तेवढं मागितलं. मी माराला म्हणाले, हा बघ, फुकट्यांचा राजा आला. दुसऱ्या सकाळी बघते तर यानं न सांगता शेळ्यांचा गोठा झाडून काढलेला. बाबा खूश. म्हणाले, पाहुणा बागेत झोपला तर माझ्या छपराला लाज नाही का, आणि हाताला धरून त्याला आत आणला. घेवडा, चीज, घरची रकी दारू, जे होतं ते पुढे ठेवलं. पोरानं भाकरीचा कण ठेवला नाही. मला तेही खुपलं. त्या वर्षी रस्ता खचून बुकिंग रद्द झाली होती, आणि आलेला एकमेव पाहुणा असा.

त्या रात्री जेवताना बाबांनी त्याला आपली मान शिकवली. मी मोडक्या इटालियनमध्ये सांगत होते. आपल्यात मान आडवी हलवली की हो, वर उचलून जिभेने टक् केलं की नाही. बाबा म्हणाले, "पोरा, इथे मान जपून हलव. एक इटालियन रकी नको नको म्हणून मान हलवत राहिला आणि आम्ही ओतत राहिलो. तिसऱ्या दिवशी खेचरावर घालून खाली न्यावा लागला." पोरगा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग रात्रभर तेच. भाकरी हवी? आडवी मान. झोप आली? वर मान आणि टक्. आभार म्हणून छातीवर हात ठेवायलाही शिकला. बाबांना कित्येक दिवसांनी कुणी तरी शिकायला मिळालं होतं.

सकाळी तो निघाला. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात त्याला जायचं होतं. रस्त्याने म्हणजे दोन दिवसांचा वळसा, वर तळ्यावरच्या बोटीचं भाडं. मान ओलांडून आठ तास. आपण खिंडीला मान म्हणतो हे ऐकूनही तो आदल्या रात्री हसला होता. मे महिना असला तरी पलीकडच्या अंगाला बर्फ होता, वरून कडक आणि आतून पोकळ. हे आपल्या शेळीलाही कळतं.

मी अंगणात भट्टीपाशी पीठ मळत होते. ओढा वितळलेल्या बर्फाने फुगला होता, फाटकातलं बोलणं भट्टीपर्यंत पोहोचत नव्हतं. तो फाटकात उभा राहिला, हाताने डोंगरावरची मान दाखवली आणि भुवया उंचावल्या. वाट खुली आहे का?

पोलिसांच्या कागदात लिहिलंय, वृद्ध यजमानाच्या खुणेचा गैरसमज. गाव तेच म्हणतं, तूही तेच म्हणालास. पाश्क, बाबा तेव्हा बाकावर बसून बूट घालत होते. मान मी हलवली.

आडवी हलवली. त्यांच्या पद्धतीने. सहा वर्षं या परक्या लोकांना जेवू घालून माझी मान त्यांची झाली आहे. त्यांना नाही म्हणायचं तर मी आडवीच हलवते, मला विचारही करावा लागत नाही. मी म्हणाले, नको. आणि त्याची मान आदल्या रात्री आमची झाली होती. त्याला ऐकू आलं, हो. तोंडभर हसला, मान आडवी हलवून दाखवली, छातीवर हात ठेवला आणि निघाला. ओढ्याच्या वळणावरून त्याने आईला निरोप धाडला: आज मान ओलांडतोय, ज्यांच्याकडे उतरलो त्यांनी वाट खुली आहे म्हणून सांगितलं, उद्या फोन करतो.

जूनच्या शेवटी बर्फ उतरल्यावर मेंढपाळांना तो सापडला. बुटाच्या तळाची दोरी पायाला तशीच होती.

जुलैत त्याची आई आली. बुटकी बाई, हातात त्याचा निरोप छापलेला कागद. मास्तर दुभाषे. तिने ओरडून विचारलं नाही, कागद पुढे करून विचारलं, हे कुणी सांगितलं? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. त्याआधी बाबा काठी टेकून उठले आणि म्हणाले, "मी. ही मान माझी." बाईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी आत जाऊन कॉफी ठेवली.

ती गेल्यावर मी बाबांना म्हटलं, हे काय केलंत. ते म्हणाले, "तू गप्प बस. माझी किती वर्षं राहिलीत? तुला इथे पाहुणे ठेवून पोट भरायचंय." मी गप्प बसले. मला गप्प बसवायला कुणाला फार आग्रह करावा लागला नाही.

पण पोट भरायला पाहुणे कुठे होते? बाबांनीच फाटकाला साखळी घातली. म्हणाले, पाहुणा पुढच्या छपराखाली पोहोचेपर्यंत आपला असतो, आणि आपला पोहोचला नाही. मग कॉफीचं सुरू झालं. तुला आठवत असेल, आजोबा सांगायचे: ज्याच्या घरचा पाहुणा मेला आणि ज्याने त्याची भरपाई केली नाही, त्याला चार माणसांत पेला हातात देत नसत, गुडघ्याखालून देत. आता कोण पाळतं ते? बाबांना कुणी तसा पेला दिला नाही. ते स्वतःच घेत. रोज सकाळी मी कॉफी पुढे ठेवली की ते डावा पाय उचलत, पेला गुडघ्याखालून काढत आणि मग ओठाला लावत. अर्धी कॉफी तुमानीवर सांडायची. आठ महिने मी ती तुमान धुतली. एकदा तरी म्हणायचं ना मी, बाबा, तो पेला माझा आहे. डाग निघत नाहीत म्हणून कुरकुर केली तेवढी.

मरणाच्या आदल्या दुपारी त्यांनी मला खाली बसवलं आणि विचारलं, "म्रिका, मान कुठली हलवलीस? आपली की त्यांची?"

"त्यांची."

त्यांनी तुमानीवरच्या डागावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "रात्री मी त्याला शिकवलं आणि सकाळी तू विसरलीस. चूक दोघांची मिळून झाली म्हणायची." आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणजे शेवटी मला अर्धी माफीही मिळाली. मी ती घेतली, हे सगळ्यात वाईट.

कारण चूक तेवढीच नव्हती, पाश्क. बाबांनाही सांगितलं नाही ते तुला सांगते, कुणाला तरी माहीत असल्याशिवाय माझ्याने २४ मे गाठवत नाही.

अक्रोडाच्या झाडापाशी वाट फुटते. खाली रस्त्याकडे, वर मानेकडे. तो वर वळला, मी पाहिलं. पिशवी हलताना दिसत होती. मला त्या क्षणी कळलं की त्याने हो ऐकलंय. पीठ टाकून धावले असते तर वाटेवरच्या चर्चपर्यंतच त्याला गाठलं असतं. ओझं किती होतं त्याच्या पाठीवर, आणि तो जरा चढला की थांबून मागे बघायचा. एक हाक पुरली असती. मी पीठ मळत राहिले. मनात म्हणाले, जाऊ दे चिक्कूला, बोटीचं भाडं वाचवतोय, बर्फ लागला की येईल पाय ओढत परत आणि संध्याकाळी पुन्हा घेवडा मागेल. त्या दिवशी मला पाहुणा परत आलेला नको होता. भाकऱ्या सहा झाल्या. मला आकडाही आठवतो.

बाबांनी चूक पांघरून घेतली. ही चूक नव्हतीच. हिला नाव काय द्यायचं ते आजोबा सांगायचे त्या जुन्या कायद्यातही नसेल.

आता दोन गोष्टी. प्रेंक आणि आपल्या गावचे बाकी जे रविवारी तुझ्याबरोबर कॉफीला जमतात, त्यांच्यासमोर हे पत्र वाच. सगळं वाच, अक्रोडासकट. बाबांची मान शेवटपर्यंत जागेवर होती हे तुझ्या तोंडून त्यांना कळू दे. तुला माझी लाज वाटेल, वाटू दे. अंगणात जे बोललास ते परत घ्यायला दुसरा मार्ग नाही.

दुसरी गोष्ट त्या बाईची. मला भ्रम नाही की खरं सांगून तिचं काही भलं होईल. तिच्यापाशी आज एक भला म्हातारा आहे, ज्याने तिच्या पोराला चुकून वाट दाखवली आणि तिच्याबरोबर रडला. मी सांगितलं की तोही जाईल, आणि त्याच्या जागी उरेल एक बाई, जी बघत उभी होती. मुलगा काही परत येणार नाही. बाबाही नाहीत. न सांगता राहावं असं दिवसातून दहा वेळा वाटतं, आणि मग मी बाकाकडे बघते. ती त्या बाकावर बसून माझ्या बापाला माफ करायला येते आहे. मी तिला ते करू दिलं तर बाबांना पुन्हा एकदा गुडघ्याखालून प्यायला लावलं असं होईल. म्हणून मी फाटकात थांबणार नाही. खाली अक्रोडापाशी उभी राहीन आणि मास्तरांना बरोबर नेईन, म्हणजे शब्दांत सांगता येईल. मान हलवणार नाही.

त्यानंतर बर्गामो नको, चुनाही नको. शेळ्या शेजारची मारा घेऊन जाईल. मी इथेच आहे, मला ठेवण्यासारखी दुसरी जागा नाही.

चिमुरडीला पापा. तिला आपली मान शिकवू नकोस, तिकडचीच राहू दे.

आणि कधी आलासच, तर माझा पेला हातात देऊ नकोस. गुडघ्याखालून दे. मी घेईन.

तुझी बहीण,
म्रिका