कॅलेंडरवरच्या खुणा

सूनबाई,

तू कामावरून येशील तेव्हा मी डेपोत असेन. जुन्या ड्रायव्हर मंडळींनी चहाला बोलावलंय. पाण्याची बाटली घेतली आहे, काळजी नको. बस चालवताना मध्येच उतरावं लागू नये म्हणून तीस वर्षं पाणी टाळलं आणि पोट कायमचं अडून बसलं. तुझ्या सासूलाही मी त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

पोट साफ झालं की कॅलेंडरवर खूण करा, असं तू सांगितलंस. लाजेपायी मी रोजच खूण करत सुटलो. दवाखान्यात त्या खुणा बघून डॉक्टरीणबाई पोट साफ होण्याची पावडर कमी करायला निघाल्या, तेव्हा तू नर्ससमोरच म्हणालीस, "खुणा खोट्या आहेत. बाबा तासभर आत बसतात आणि हात हलवत परत येतात." घरी येताना मी तुला नाही नाही ते बोललो. तरी दुसऱ्या दिवशी पावडर ढवळलेला ग्लास टेबलावर झाकून ठेवलेला होताच.

चुकलो, पोरी. माझ्या मुलाला जे विचारायचा धीर झाला नाही, ते तू विचारलंस. दाढीच्या डब्यात लपवलेल्या जुलाबाच्या गोळ्याही आज फेकल्या. तुला त्या ठाऊक असणारच म्हणा.

मागच्या सगळ्या खुणा खोडल्या आहेत. आजची तेवढी ठेवली आहे. ती खरी आहे.

बाबा