कार्डं परत आली

जयपूर,
१९ ऑक्टोबर १९८३

ती. सौ. आईंना,
विनयाचा शि. सा. नमस्कार.

लाडू पोचले, निम्मे यांच्या मेसमध्ये उडाले. यांची जबलपूरला बदली झाल्याचं तुम्हाला कळलंच असेल. डिसेंबरात निघायचं आहे. मी मात्र एप्रिलपर्यंत इथेच राहीन म्हणते. रागावू नका. विद्यापीठात कॉम्प्युटरचा हा पहिलाच वर्ग आणि शिकवणारी मी एकटी. मी गेले तर वर्ग बंद करून मुलांना पुन्हा नुसत्या गणिताला बसवतील.

जुलैपासून सगळं फळ्यावरच चाललंय. यंत्र थंडगार खोलीत, मुलांना आत मज्जाव. कार्डांना भोकं पाडून प्रोग्रॅम तयार करायचा, गठ्ठा खिडकीतून द्यायचा. उत्तर दुसऱ्या दिवशी कागदावर छापून मिळतं. सोमवारी मुलांची पहिली कार्डं जाणार. मला आत्तापासूनच जेवण जात नाही.

माझ्या हट्टापायी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
विनया


सातारा,
२७ ऑक्टोबर

चि. सौ. विनयास आईचे अ. उ. आशीर्वाद.

बाबा म्हणतात, चंदूला लष्कर जेवू घालतं, तू कशाला जीव टाकतेस. मी टाकणारच. त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत आणि तू भोकं पाडलेली कार्डं सांभाळत बसणार! खिडकीतून कागद द्यायचा नि उद्या यायचं, हे तर मी रेशनच्या कचेरीत करतेच. त्याला विद्यापीठ कशाला हवं? असो. शेजारच्या कुसुमताईंना मात्र ऐटीत सांगून आले, की सून कॉम्प्युटर शिकवते.

जेवत जा. खुशाली कळव, म्हणजे मलाही चार घास जातील.

आई


जयपूर,
८ नोव्हेंबर

ती. सौ. आईंना,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुमचंच खरं. मोजे सापडत नाहीत त्या माणसाला एकटं कसं पाठवायचं? मीही बरोबर जाते. ट्रंका काढल्या आहेत. जबलपूरचं क्वार्टर मोठं आहे म्हणे. तुम्ही दोघं या.

मुलांची कार्डं उत्तराविना परत आली. एकूण एक. फळ्यावर मी ओळ अगदी कडेपासून लिहीत होते. कार्डावर आधी सहा घरं मोकळी सोडावी लागतात. मी स्वतः ती घरं आधीच आखलेल्या कागदांवर शिकले, त्यामुळे हे सांगायचं सुचलंच नाही. मुलांना वाटतंय आपल्यालाच जमत नाही. एका मुलीने तर वर्गात येणं सोडलं. विभागप्रमुख हसून म्हणाले, मॅडमजी, मतलब, तुम्ही तर आता जाणारच आहात.

पडद्यांचं कापड इथूनच घ्यावं का? तुमचं मत कळवा, आशीर्वाद तर पाठवालच.

विनया


सातारा,
१६ नोव्हेंबर

चि. सौ. विनयास आशीर्वाद.

बाबा म्हणाले, आपण मधे पडायचं नाही. म्हणून त्यांच्या नकळत लिहिते आहे. मोज्यांचं मी गमतीनं लिहिलं, हे न कळण्याइतकी तू भोळी नाहीस. जायचं तर खुशाल जा, पण चंदूसाठी जाते असं मला लिहू नकोस. कार्डं परत आली नव्हती तोवर तू तिथेच राहणार होतीस.

चूक तुझी होती हे मुलांना सांगितलंस का? पत्रात कुठे दिसलं नाही. ती आपल्याला ढ समजत बसणार आणि तू तिकडे पडदे शिवणार असशील, तर मी त्या घरी यायची नाही.

रागावलीस तरी उत्तर पाठव. तुझं रागाचं पत्रही मला चालेल.

आई


जयपूर,
१३ डिसेंबर

ती. सौ. आईंना,
शि. सा. नमस्कार.

रागावले होते, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. परवा हे जबलपूरला गेले. मी बापूनगरात एका मराठी डॉक्टरीणबाईंकडे खोली घेतली आहे.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी वर्गात सांगितलं, की चूक माझी होती. वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. ती मुलगी परत आली होती. तिने चिडून विचारलं, मग इतके दिवस आम्हाला का रडवलंत? मी फळ्यावर आधी सहा घरं आखली.

सगळ्यांनी कार्डं नव्याने केली. आज कागद आले. एकाचंही उत्तर बरोबर नाही. एकाने शून्याने भागलंय. एकाचा प्रोग्रॅम थांबेचना, शेवटी ऑपरेटरने बंद केला. त्या मुलीने बेरजेऐवजी वजाबाकी केली आहे. विभागप्रमुख म्हणाले, आता तरी पुरे करा. मी त्यांच्यासमोर सगळे कागद पसरले. गेल्या खेपेला सगळ्यांची चूक एकच होती, माझी. या वेळी कुठलेही दोन कागद सारखे नाहीत, चुका ज्याच्या त्याच्या आहेत.

मी आणखी कार्डं मागून घेतली. मुलं दारात खोळंबली आहेत, म्हणून इथेच थांबते. रागवत राहा, पण आपली म्हणूनच.

तुमची
विनया