हार घेऊन येऊ नोको

कोरपना,
१२ ऑगस्ट २००३

वाजिदभाई यास,

सलाम. घरी सारे खुशाल. अम्मीचे गुडघे दुखून राह्यले, पण ते तू विचारलं नाईस, म्हणून राहू दे.

तुहं पत्र भेटलं, पेपरचं कात्रणबी. 'भावाच्या मार्गदर्शनाने कोरपन्याची निशात शिष्यवृत्तीवर इंग्लंडला.' फोटो तुहा मोठा, माहा बारका. अब्बांनी ते मशीन दुरुस्तीच्या दुकानात भिंतीले चिकटवलं. गिऱ्हाईक आलं का पहिले वाचून दाखवतात. म्हणून मी चूप होती.

आता लिहितोस का हार घेऊन बल्लारशाच्या स्टेशनवर येतो. म्हणून बोलते.

कोणतं मार्गदर्शन, भाई? मुलाखतीची वेळ विचाराले मी दिनेशच्या एसटीडीतून मुंबईले शिष्यवृत्तीवाल्या ट्रस्टच्या हापिसात फोन केला. तिथली बाई म्हणे, "तुमचं नाव यादीतून काढलं. तुमच्या भावाचा फोन होता, तुमचा निकाह ठरला म्हणून."

घरी मी एवढंच सांगतलं का हापिसात घोळ झाला. पुढचं तोंडातून निघालंच नाई. अब्बांनी दुकानाले कुलूप लावलं आन् मले घेऊन मुंबईले निघाले. चपराशी फाटकातून आत सोडे ना. ट्रस्टच्या मोठ्या मॅडम गाडीतून उतरल्या, तवा अब्बा आडवेच गेले.

"पण घरूनच फोन आला होता," मॅडम म्हणाल्या.

"पोरीचा निकाह मी ठरवन, मॅडम. मी तर नाई ठरवला. कोनं केला फोन?"

मॅडमनं माह्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

आत त्यांनी मले विचारलं, पाण्याचंच शास्त्र काऊन शिकायचं? मी ओठ वर करून दात दाखवले. म्हटलं, आमच्याकडे साऱ्या पोरांचे असेच पिवळे, बोरिंगच्या पाण्यानं. त्यांनी माहं नाव यादीत परत लिहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तुझा भाऊ दोनदा मुलाखत देऊन गेला. दोन्ही वेळा आम्ही नाही म्हटलं."

घरी तू कोणालेच कळू दिलं नाईस. तुले लागलं असन, मानते. मले इंग्रजी तूच शिकवलं, म्हणून जास्तच लागलं असन. पण तुले नाई भेटलं तर मलेबी नाई भेटावं? आन् त्यासाठी माहा निकाह लावून मोकळा झालास?

अब्बा अजूनबी म्हणतात, "ज्यानं फोन केला त्याले अल्ला पाहून घेईन." आन् रोज सकाळी तुह्या फोटोवरची धूळ पुसतात. मले ते पाहवत नाई.

स्टेशनवर येऊ नोको. आलास तर चार लोकांसमोर तुहा हार रुळावर फेकीन. यायचंच असन तर मी गेल्यावर घरी ये. अब्बांच्या समोर बस, आन् फोन कोनं केला ते तुह्या तोंडानं सांग. मी सांगणार नाई. तुही लाज राखाले नाई, अब्बांचं मन राखाले.

तिथला माहा पत्ता अम्मीजवळ राहीन. अब्बांले सांगून झाल्यावर मागजो. पहिले नाई.

फारूक मिस्त्रींची मुलगी,
निशात