वन्संच्या पदरातल्या अक्षता

अहो,

थोरल्या वन्संना रेणापूरला पोचवायला सकाळच्या एस्टीनं चालले. तुम्ही लग्नानं दमून झोपलेले, म्हणून उठवलं न्हाई. टँकर दहाला येतो. दोन्ही हंडे दारात ठेवलेत, तेवढे भरून घ्या. भाकरी टोपल्यात हाय.

काल तुमच्या सख्ख्या बहिणीला कर्ण्याच्या खांबाखाली कुणी बसवलं, ते तुम्हाला ठावं हाय. पुढच्या खुर्च्या नव्या जिल्ह्याच्या साहेब लोकांना पाहिजे होत्या. "तिला कुठं ऐकू येतंय," म्हणालात. लेकीच्या मांडवात भांडण नको म्हणून मीही गप बसले. माझंही चुकलंच.

तिथून त्यांना ना भटजी दिसले, ना अंतरपाट. 'सावधान' कधी झालं, कळलंच न्हाई. सगळे उठून पंगतीला पळाले, तरी ह्या मूठ आवळून बसलेल्या. आज सकाळी पदराची गाठ सोडून त्यांनी मला त्या ज्वारीच्या अक्षता दाखवल्या. ह्या दुष्काळात एक दाणा सांडला नव्हता. खुणेनं विचारलं, आता कुणावर टाकू?

मी देवघरातली वाटी पुढं केली.

अक्षता देवापुढं वाटीत हायेत. गुरुवारी शकू अन् जावई मांडवपरतणीला येतील, तेव्हा वन्संना मी घेऊनच येते. दोघांना पाटावर उभं करा, वन्संना त्यांच्यासमोर. टाकायची वेळ झाली की वन्संच्या खांद्याला हात तुम्ही लावायचा, दुसऱ्या कुणी न्हाई.

मंगलाष्टका म्हटल्या न्हाईत तरी चालंल. तिला कुठं ऐकू येतंय, तुम्हीच म्हणालात.