काडीला घरी यायचं नाही

५ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुला जे कळवलं ते मलाही सांगितलं. औषधं आता लागू पडत नाहीत, हिवाळा निघणं कठीण आहे. या शाळेत असं काही लपवत नाहीत. इथे राहणारी सगळीच मुलं बरी न होणारी, लपवायचं कोणापासून? मला काही वाटलं नाही. काहीतरी वाटेल म्हणून थोडा वेळ बसून राहिले, मग भूगोलाचा गृहपाठ केला. गणिताच्या बाईंनी चाचणीत नापास केलंय. मरणाऱ्यांना इथे वाढीव गुण मिळत नाहीत.

माझ्या शेजारच्या खाटेवरची बडबडी शेवटचे दिवस आईवडिलांजवळ काढायला घरी गेली होती, ती गेल्या आठवड्यात वारली. तिथून तिनं लिहिलं होतं की घरात सगळे हळू आवाजात बोलतात, कोणी तिच्याशी भांडतसुद्धा नाही. प्रार्थनेनंतर आम्हाला बातमी सांगितली आणि तास सुरू झाला.

वहिनीनं कळवलं की तू माझ्यासाठी घरात सुतारकाम काढलंयस. एवढा खटाटोप करू नकोस. माझं इथे बरं चाललंय.

लोभ असावा.
तुझी,
काडी

१३ ऑक्टोबर

चि. काडीस,
अनेक आशीर्वाद.

खटाटोप कसला? लोकांची दारं बसवण्यात जन्म गेला, बहिणीचं एक दार रुंद करायला काय लागतं? उंबरा काढून टाकलाय, तुझी चाकाची खुर्ची न आपटता आत येईल. वहिनी अजून त्या जागी पाय उचलून चालते आणि स्वतःलाच हसते. खिडकीपाशी नवी खाट केलीय. उशाकडची बाजू वर उचलता येते, म्हणजे तुला धाप लागणार नाही.

तू पहिल्यापासून अशीच. हवं असलं तरी आधी नको म्हणायचं. सख्ख्या भावाशी कसला संकोच? नापास झालीस ते वाचून बरं वाटलं, घराण्याची परंपरा राखलीस. महिनाअखेर गाडी घेऊन न्यायला येतो. सामान बांधून ठेव.

वहिनीचे आशीर्वाद.
तुझा,
दादा

१९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

संकोच नव्हता. आडून बोलले तिथेच चुकलं. सुताराला सरळ रेघ लागते, तर घे: मला घरी यायचं नाही.

आमच्या खोलीची एक रीत आहे. जिचं दुखणं वाढतं तिच्या उशाशी बाकीच्या आळीपाळीनं बसतात आणि त्या दिवशीचं वर्गातलं सगळं सांगतात. धडा, चहाड्या, कोण कोणावर रुसलं ते. तिला ऐकू येत नसलं तरी सांगतात. मीही बसलेय, एकीपाशी तर अगदी शेवटपर्यंत. माझ्यापाशीही त्या तशाच बसतील. बडबडीला हे मिळालं नाही.

तू दार कितीही रुंद केलंस तरी या मुली त्यातून माझ्याबरोबर आत येणार नाहीत. तुझ्या मेहनतीचं मला वाईट वाटायला हवं. वाटत असेलही, पण आतपर्यंत पोचत नाही. मला न्यायचं की ठेवायचं, त्या कागदावर सही तुझी लागते. रागाव हवं तर, पण नेऊ नकोस.

तुझी,
काडी

२ नोव्हेंबर

चि. काडीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचून खाट मोडायला घेतली होती, वहिनीनं हातातला हातोडा काढून घेतला. ती म्हणाली की पोरगी आपल्याला टाकत नाहीये, तिच्या माणसांत राहतेय. मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. आईबाबांमागे मी तुला अंगाखांद्यावर वाढवलं, आणि शेवटी उशाशी परक्या पोरी? इतके दिवस हेच उगाळत बसलो होतो.

सही करून वॉर्डनबाईंना पाठवली आहे. तू तिथेच राहा. पण पुढच्या आठवड्यात मी येतोय. न्यायला नाही. जवळच भाड्यानं खोली बघितली आहे. तुझ्या मुलींना विचार, त्यांच्या आळीपाळीत एक सुतार चालेल का. वर्गातलं मला काही सांगता यायचं नाही, तेवढं त्यांना आधीच सांग.

तुझा,
दादा

७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझा हात आता चालत नाही, मी सांगतेय आणि दुसऱ्या बाजूच्या खाटेवरची शेजारीण लिहितेय.

मुलींनी सभा भरवली. त्यांना एकच विचारायचं होतं, तुझा भाऊ रडतो का. रडकी माणसं उशाशी बसली की आजाऱ्यालाच त्यांची समजूत काढत बसावं लागतं. मी सांगितलं, तो मुळीच रडत नाही. धडधडीत खोटं बोलले. शेजारचीला हे लिहिताना कळलंच, पण ती कोणाला सांगणार नाही म्हणते.

तुला दुपारची वेळ दिली आहे. तेव्हा सगळ्या वर्गात असतात, खोलीत कोणी नसतं. मी खूप प्रयत्न केला दादा, मला रडू येत नाही. बडबडीसाठी आलं नाही, माझ्यासाठीही येत नाही. कोणीतरी रडायला हवं. दुपारी माझ्या वाट्याचं तू रडून घे.

लोभ आहेच. तो आता वाढला नाही तरी चालेल, आहे तेवढा पुरतो.

तुझी,
काडी